कॅम्पसच्या इमारतींतलं वायफाय: चॅनेलची गर्दी मोजायची कशी, कमी करायची कशी

फोनवर रेंज फुल दिसते, पण पान उघडत नाही. वाचनालयात सकाळी सगळं सुरळीत असतं आणि दुपारनंतर व्हिडिओ अडखळायला लागतो. अशा तक्रारी आल्या की हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे आणखी ॲक्सेस पॉइंट (वायफाय प्रसारित करणाऱ्या पेट्या) बसवा आणि पॉवर वाढवा. बऱ्याचदा त्यानेच दुखणं वाढतं. कॅम्पसमध्ये वायफाय कमी पडतं त्यापेक्षा जास्त वेळा ते एकमेकांच्या पायात येतं, आणि पायात येणारे बहुतेक ॲक्सेस पॉइंट आपलेच असतात.

नेटवर्कची जबाबदारी नुकतीच अंगावर आलेल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. मग तुम्ही महाविद्यालयाच्या संगणक विभागात असा, वसतिगृहाचं नेटवर्क पाहत असा किंवा प्रयोगशाळेचं. ॲक्सेस पॉइंटला पुढे सगळीकडे एपी म्हटलं आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. मोजणी न करता चॅनेल बदलायला घेतले, तर नंतर काय सुधारलं आणि काय बिघडलं हे कळायला काही मार्ग उरत नाही.

## १. आधी एक गोष्ट पक्की करा: हवा सगळ्यांची मिळून एकच आहे

एका चॅनेलवर एका वेळी एकाच यंत्राला बोलता येतं. प्रत्येक यंत्र बोलण्याआधी ऐकतं, कोणी बोलत असेल तर थांबतं, आणि शांतता झाली की थोडा वेळ मोजून आपली पाळी घेतं. साधारण उणे ८२ डीबीएम इतका क्षीण वायफाय सिग्नल ऐकू आला तरी त्याला थांबावं लागतं. (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप. उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार.) इतक्या क्षीण सिग्नलवर धड काम होत नाही, पण दुसऱ्याला थांबवायला तो पुरतो. म्हणून दोन भिंतींपलीकडचा, तुमच्या काहीच उपयोगाचा नसलेला एपीसुद्धा तुमचा वेळ खातो.

व्यत्ययाचे तीन प्रकार वेगवेगळे ओळखायला शिका, कारण तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

एकाच चॅनेलची गर्दी. दोन एपी एकाच चॅनेलवर आहेत आणि एकमेकांना ऐकू येतात. इथे रांग लागते. वेग कमी होतो, पण कारभार शिस्तीत चालतो.

शेजारच्या चॅनेलची गळती. एक एपी १ वर आणि दुसरा ३ वर. दोघांच्या लहरी एकमेकींवर चढतात, पण एकाचं बोलणं दुसऱ्याला भाषा म्हणून कळत नाही, नुसता गोंगाट वाटतो. त्यामुळे रांग लागत नाही, टक्कर होते आणि तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवावी लागते. पहिल्या प्रकारापेक्षा हा वाईट.

वायफाय नसलेला गोंगाट. मायक्रोवेव्ह ओव्हन, बिनतारी कॅमेरे, ब्लूटूथ, प्रयोगशाळेतली रेडिओ उपकरणं. यांना वायफायचे नियम लागू नाहीत आणि साध्या वायफाय स्कॅनरवर ती दिसतही नाहीत.

## २. कामाला लागण्याआधी काय जमवायचं

- प्रत्येक मजल्याचा मापात काढलेला नकाशा. नसेल तर टेपने दोन-तीन खोल्या मोजून माप बसवून घ्या.
- सगळ्या एपींची यादी: मॉडेल, नेमकी जागा, छताला की भिंतीवर, जमिनीपासूनची उंची, रेडिओचे मॅक पत्ते (प्रत्येक रेडिओचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक), स्विचचा पोर्ट.
- आत्ताच्या सेटिंगची प्रत: प्रत्येक रेडिओचा चॅनेल, चॅनेलची रुंदी, पॉवर, चालू असलेली नेटवर्कची नावं. ही प्रत जपून ठेवा, मागे फिरावं लागलं तर हाच आधार.
- तक्रारींची नोंद. खोली, तारीख, वेळ आणि उपकरण एवढं तरी हवंच. ‘नेट चालत नाही’ एवढ्याच नोंदीचा काही उपयोग होत नाही.
- वर्गांचं वेळापत्रक. कोणती खोली कधी भरलेली असते, हे नेटवर्कच्या पडद्यावरून कळत नाही.
- वसतिगृहाच्या खोल्यांत आणि प्रयोगशाळांत मोजणीला जाण्याची लेखी परवानगी.
- एक लॅपटॉप, एक अँड्रॉइड फोन आणि जमल्यास स्पेक्ट्रम ॲनलायझर, म्हणजे वायफाय नसलेल्या लहरीही दाखवणारं यंत्र. ॲनलायझर विकत घेणं जमत नसेल तर भाड्याने किंवा इलेक्ट्रॉनिक्स विभागाकडून मिळतो का पाहा. बऱ्याच व्यावसायिक एपींतही स्पेक्ट्रम पाहण्याची सोय असते.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर तपासा: प्रत्येक एपीवर देशाचा कोड बरोबर आहे ना. कोणते चॅनेल चालतील आणि किती पॉवर देता येईल हे त्यावरून ठरतं. जास्त पॉवर मिळावी म्हणून दुसऱ्या देशाचा कोड टाकणं बेकायदेशीर आहे. शिवाय असा एपी तुमच्याकडच्या फोनना न दिसणाऱ्या चॅनेलवर जाऊन बसू शकतो.

## ३. मोजा, आणि तीन वेळांना मोजा

रिकाम्या इमारतीत रविवारी केलेली मोजणी फक्त भिंतींबद्दल सांगते. गर्दीचं चित्र हवं असेल तर गर्दीच्या वेळीच जावं लागतं. वर्ग भरलेले असताना, जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री नऊनंतर वसतिगृहात, अशा किमान तीन वेळा निवडा.

फोनवरचं साधं वायफाय ॲनलायझर ॲप चॅनेलनिहाय आलेख दाखवतं. आयफोनवर ॲपलचं एअरपोर्ट युटिलिटी घेऊन फोनच्या सेटिंगमधून त्यातला स्कॅनर चालू करा. ॲपलच्या मॅक संगणकावर ऑप्शन कळ दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की चॅनेल, सिग्नल आणि गोंगाटाची पातळी समोर येते. लिनक्सवर आयडब्ल्यू या आज्ञेतल्या ‘सर्व्हे डम्प’मधून चॅनेल किती वेळ व्यग्र होता तेही कळतं, अर्थात वायफाय कार्डाच्या ड्रायव्हरने साथ दिली तर.

इथे नवखे हमखास फसतात. आलेखातली उंच कमान म्हणजे जोरदार सिग्नल, व्यग्र चॅनेल नव्हे. एखादा एपी कानठळ्या बसतील इतका जोरात ऐकू येत असेल, पण त्यावर कोणीच नसेल. उलट क्षीण दिसणाऱ्या एपीवर चाळीस जण व्हिडिओ पाहत असतील. म्हणून आलेखावर थांबू नका, खालचे आकडे कंट्रोलरवरून (सगळे एपी एका जागेवरून सांभाळणाऱ्या यंत्रणेवरून) किंवा एपीवरून काढा:

- चॅनेलचा वापर, म्हणजे हवा किती टक्के वेळ व्यग्र होती. ३० टक्क्यांपर्यंत निर्धास्त राहा. ५० च्या वर गेलं की लोकांना जाणवायला लागतं, ७०-८० ला तक्रारी येतातच.
- पुन्हा पाठवलेल्या फ्रेमचं, म्हणजे हवेतून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांचं, प्रमाण. १० टक्क्यांच्या आत चांगलं, २० च्या वर काहीतरी नक्की बिघडलंय.
- सिग्नल आणि गोंगाट यांतलं अंतर. आवाजी कॉलसाठी सिग्नल उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला आणि अंतर २५ डेसिबल हे उद्दिष्ट ठेवा.
- त्याच चॅनेलवरचे किती एपी उणे ८२ च्या वर ऐकू येतात. त्यांतले आपले किती आणि परके किती, हे वेगळं लिहा.

आकडे एकत्र वाचल्यावर रोग ओळखू येतो. वापर जास्त पण पुन्हा पाठवणं कमी, म्हणजे एकाच चॅनेलची गर्दी. पुन्हा पाठवणं जास्त आणि सिग्नल चांगला, म्हणजे गळती, बाहेरचा गोंगाट किंवा एकमेकांना ऐकू न येणारी दोन उपकरणं एकाच एपीशी एकाच वेळी बोलताहेत. वापर जास्त, पण वायफायची वाहतूक किरकोळ, म्हणजे स्पेक्ट्रम ॲनलायझर बाहेर काढायची वेळ झाली.

प्रत्येक मजल्यावर आठ-दहा जागा ठरवून नकाशावर खुणा करा आणि दरवेळी त्याच जागी, छातीच्या उंचीवर, तेच उपकरण धरून मोजा. फोन बदलला की आकडे पाच-सात डेसिबलने सहज इकडेतिकडे होतात आणि मग तुलनेला अर्थ राहत नाही.

## ४. चॅनेलला हात लावण्याआधी आपला स्वतःचा गोंगाट कमी करा

या पायरीला काही खर्च नाही आणि बहुतेक इमारतींत सगळ्यात मोठा फरक हीच पाडते, तरी ती सर्रास वगळली जाते.

प्रत्येक एपी प्रत्येक नेटवर्कच्या नावासाठी, म्हणजे प्रत्येक एसएसआयडीसाठी, दर १०२.४ मिलिसेकंदांनी ‘मी इथे आहे’ अशी घोषणा करतो. तिला बीकन म्हणतात. बीकन सगळ्यात कमी अनिवार्य वेगाने जातो. २.४ गिगाहर्ट्झवर (वायफायचा जुना पट्टा, दुसरा मुख्य पट्टा ५ चा) हा वेग मूळ सेटिंगमध्ये बऱ्याचदा १ एमबीपीएस असतो. आता हिशेब करा. साधारण ३०० बाइटच्या बीकनला १ एमबीपीएसने सुमारे २.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवेचा जवळपास २.५ टक्के वेळ. विद्यार्थी, शिक्षक, पाहुणे, प्रिंटर, परीक्षा अशी पाच नावं ठेवली की एका एपीचेच १२-१३ टक्के झाले. त्याच चॅनेलवरचे असे चार एपी एकमेकांना ऐकू येत असतील, तर अर्धी हवा निव्वळ घोषणांतच संपते. अजून एकाही विद्यार्थ्याने काही उघडलेलं नाही.

त्याच वीस घोषणा १२ एमबीपीएसने पाठवल्या तर मिळून साडेचार टक्क्यांच्या आसपास जातात. तेव्हा दोन गोष्टी करा.

नावं कमी करा. एका इमारतीत तीनपेक्षा जास्त नावं नकोत. शिक्षक आणि विद्यार्थी वेगळे करायला वेगळं नाव लागत नाही. एकाच नावावर ८०२.१एक्स लॉगिन (प्रत्येकाचं स्वतःचं खातं) ठेवून वापरकर्त्यानुसार व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कमधला वेगळा कप्पा, देता येतो. नाव लपवल्याने काही वाचत नाही, बीकन तसाच जात राहतो, फक्त त्यात नाव नसतं.

जुने वेग बंद करा. १, २, ५.५ आणि ११ हे ८०२.११बी काळातले वेग बंद करून किमान अनिवार्य वेग १२ एमबीपीएस ठेवा. एपी दाट बसवलेल्या इमारतीत २४ ही चालतो. बंद करण्याआधी कंट्रोलरवर पाहा की केवळ ८०२.११बी वर चालणारं एखादं जुनं यंत्र तर नाही. हजेरीची यंत्रं, जुने बारकोड स्कॅनर आणि प्रयोगशाळेतली मोजमाप उपकरणं यांत अशी सापडतात. ती तारेवर घ्या किंवा त्यांच्यापुरता वेगळा एपी ठेवा. एका यंत्रासाठी पूर्ण इमारतीला १ एमबीपीएसवर ठेवू नका.

‘किमान वेग वाढवला की एपीचा पसारा लहान होतो’ हा समज मात्र अर्धाच खरा आहे. लांबची यंत्रं जोडली जात नाहीत, हे बरोबर. पण प्रत्येक फ्रेमची सुरुवात नेहमीच सगळ्यात टिकाऊ पद्धतीने पाठवली जाते, त्यामुळे ती पूर्वीइतकीच लांब ऐकू जाते आणि पलीकडचे एपी पूर्वीसारखेच थांबतात. पसारा खरोखर लहान करायचा तर पॉवर, भिंती आणि एपीची जागा यांच्याकडेच जावं लागतं.

## ५. २.४ गिगाहर्ट्झ: १, ६, ११ आणि बाकी काही नाही

या पट्ट्यात चॅनेल १३ दिसतात, पण दोन शेजारच्या चॅनेलमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं आणि एका चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. एकमेकांवर न चढणारे तीनच उरतात: १, ६ आणि ११. ‘आलेखात ३ वर कोणी नाही, तिथे जाऊ’ हा विचार मोहात पाडतो, पण ३ वर गेलेला एपी १ आणि ६ दोघांनाही त्रास देतो आणि दोघांचाही त्रास घेतो. १, ५, ९, १३ अशी चार चॅनेलची मांडणीही सुचवली जाते. १३ ला परवानगी असलेल्या देशांतही काही उपकरणांना १२ आणि १३ दिसत नाहीत, आणि आजूबाजूचं जग १-६-११ वर असल्याने ५ आणि ९ दोन्हीकडून मार खातात. या वाटेला जाऊ नका.

रुंदी २० मेगाहर्ट्झवर बांधून टाका. ‘ऑटो २०/४०’ ठेवू नका.

तीन मजली इमारत आणि प्रत्येक मजल्यावर ओळीत तीन एपी असतील तर मांडणी अशी करता येईल:

- तळमजला: १, ६, ११
- पहिला मजला: ११, १, ६
- दुसरा मजला: ६, ११, १

यात कोणाच्याही डोक्यावर किंवा पायाखाली तोच चॅनेल येत नाही. वरखाली होणारा व्यत्यय मजल्याचा नकाशा पाहून कळत नाही, म्हणून तो नेहमी नजरेतून सुटतो. खरं तर छत हे बऱ्याचदा दोन आडव्या भिंतींपेक्षा पातळ असतं.

एका मजल्यावर आठ-दहा एपी असतील तर तीन चॅनेल कसेही फिरवा, पुरणार नाहीत. तेव्हा काही एपींचे २.४ चे रेडिओ सरळ बंद करा. ५ गिगाहर्ट्झसाठी दाट बसवलेल्या इमारतीत एकाआड एक, कधी तीनातले दोन रेडिओ बंद करावे लागतात. २.४ च्या लहरी भिंतीतून जास्त आरपार जातात, त्यामुळे कमी रेडिओंतही मजला झाकला जातो. रेडिओ बंद केल्यावर वेग वाढतो हे वरिष्ठांना पटवणं अवघड जातं. अशा वेळी बंद करण्याआधीचे आणि नंतरचे चॅनेल वापराचे आकडे शेजारी शेजारी ठेवा.

## ६. ५ गिगाहर्ट्झ: रुंदीचा मोह आवरा

इथे जागा मोठी आहे. ३६ ते ६४, १०० ते १४४ आणि १४९ ते १६५ हे सगळे गट खुले असतील तर २० मेगाहर्ट्झचे २५ चॅनेल होतात. देशागणिक यातले काही कमी होतात, म्हणून तुमच्याकडचे नियम पाहूनच यादी बनवा. तीच जागा ४० मेगाहर्ट्झने वापरली तर १२ चॅनेल, ८० ने ६ आणि १६० ने फक्त २ राहतात. शिवाय रुंदी दुप्पट केली की गोंगाटही दुप्पट आत येतो, म्हणजे ३ डेसिबलचा तोटा.

बऱ्याच एपींवर मूळ सेटिंग ८० चं असतं. घरात एकट्या राउटरला ते शोभतं. कॅम्पसमध्ये आमची शिफारस अशी आहे: वसतिगृह, सभागृह आणि मोठे वर्ग २० वर. कार्यालयं आणि विरळ एपी असलेल्या इमारती ४० वर, तेही वापर ४० टक्क्यांच्या आत राहत असेल तरच. ८० फक्त वेगळ्या पडलेल्या, एक-दोन एपींच्या इमारतीत. वेगचाचणीत ८० चा आकडा भारी दिसतो, पण ती चाचणी एकटा माणूस करत असतो. साठ जणांच्या वर्गात साठही जण एकाच रांगेत उभे असतात, आणि रांगा जितक्या जास्त तितकं सगळ्यांचं काम लवकर होतं.

रडारचे चॅनेल. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात. एपीला तिथे बसण्याआधी किमान ६० सेकंद ऐकावं लागतं. नंतर रडार जाणवलं तर १० सेकंदांत चॅनेल सोडावा लागतो आणि ३० मिनिटं परत येता येत नाही. १२०, १२४ आणि १२८ या चॅनेलवर हवामान रडार असू शकतात. काही प्रदेशांत तिथलं आधीचं ऐकणं १० मिनिटांचं असतं.

या भीतीने सगळे रडारचे चॅनेल बंद करणं ही चूक आहे. तसं केलं तर हातात आठ-नऊच चॅनेल उरतात आणि मोठ्या वसतिगृहाला ते पुरत नाहीत. योग्य रीत अशी: हे चॅनेल चालू करा, दोन-तीन आठवडे एपीच्या नोंदींमध्ये रडारच्या घटना पाहा, आणि ज्या चॅनेलवर त्या वारंवार दिसतात तेवढेच वगळा. विमानतळ, बंदर किंवा हवामान केंद्र जवळ असेल तर यादी मोठी होईल. दोन गोष्टी लक्षात ठेवा. काही जुनी उपकरणं या चॅनेलवर जोडलीच जात नाहीत, म्हणून प्रत्येक खोलीत निदान एक तरी साध्या चॅनेलचा एपी ऐकू येईल अशी मांडणी करा. आणि फोन या चॅनेलवर आधी स्वतः हाक मारत नाहीत, बीकनची वाट पाहतात. त्यामुळे चालता चालता एपी बदलताना किंचित उशीर होतो.

६ गिगाहर्ट्झ तुमच्याकडे खुला असेल आणि एपी वायफाय ६ई किंवा ७ चे असतील तर तिथे ४० किंवा ८० ची रुंदी परवडते. पण जुनी उपकरणं तिथे येऊच शकत नाहीत, तेव्हा ५ ची शिस्त सैल करायचं ते निमित्त होऊ देऊ नका.

## ७. पॉवर: ओरडून भागत नाही

एपी २३ डीबीएमने ओरडतो आणि फोन साधारण १२ ते १५ ने उत्तर देतो. फोनला एपी ऐकू येतो, म्हणून रेंज फुल. एपीला फोन ऐकू येत नाही, म्हणून पान उघडत नाही. लेखाच्या सुरुवातीची तक्रार इथून येते.

सुरुवातीला ५ गिगाहर्ट्झ १२ ते १७ डीबीएमच्या दरम्यान ठेवा आणि २.४ त्याच्यापेक्षा साधारण ६ डेसिबल खाली. २.४ लांब पोहोचतो, त्यामुळे दोन्ही समान ठेवले की फोन २.४ ला चिकटून बसतात. अँटेनामुळे सिग्नलमध्ये होणारी वाढ (गेन) धरून आकडा दाखवला आहे की न धरता, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. नाहीतर दोन कंपन्यांच्या एपींची तुलना चुकते.

३ डेसिबल म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. हे तीन आकडे पाठ असले की बरेचसे अंदाज कागदावर करता येतात.

पॉवर एका दमात खाली आणू नका. ३ डेसिबल कमी करा, ठरवलेल्या जागांवर मोजा, कोपऱ्यांत उणे ६७ टिकतंय का पाहा, मग पुढचे ३.

## ८. एपीची जागा चुकली असेल तर सेटिंग काय करणार

कॉरिडॉर ही सगळ्यात मोठी चूक. तार टाकायला सोपं, म्हणून लांब कॉरिडॉरमध्ये छताला ओळीने एपी टांगले जातात. मग एका टोकाचा एपी दुसऱ्या टोकाच्या एपीला थेट दिसतो, सगळे एकमेकांना थांबवतात आणि खोलीतल्या माणसाला मात्र भिंतीतून गाळून आलेला सिग्नल मिळतो. एपी खोल्यांच्या आत आणा, कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून. एरवी नकोशा वाटणाऱ्या भिंती आता दोन एपींना एकमेकांपासून वेगळं ठेवायच्या कामी येतात.

भिंतींचे ढोबळ आकडे: जिप्सम बोर्ड ३ डेसिबलच्या आसपास, विटांची भिंत ६ ते १०, काँक्रीट १० ते २०, आणि लिफ्टचा दगडी-लोखंडी कोठा त्याहून बराच जास्त. ५ गिगाहर्ट्झला तीच भिंत २.४ पेक्षा जड जाते. पुस्तकी आकड्यांवर विसंबू नका. एक एपी तात्पुरता उंच स्टँडवर लावा आणि भिंतीच्या अलीकडे-पलीकडे मोजा. दहा मिनिटांचं काम आहे.

वरखालच्या मजल्यांवर एपी एकाच रेषेत नकोत, अर्ध्या खोलीचं तरी अंतर सरकवा. एकाच ठिकाणी दोन एपी लावायची वेळ आली तर त्यांच्यात किमान तीन मीटर ठेवा आणि ३६-४० सारखे लगतचे चॅनेल देऊ नका. इतक्या जवळून लगतच्या चॅनेलची गळती समोरच्या रेडिओला बहिरं करते. एपी खोट्या छताच्या वर, लोखंडी कपाटावर किंवा वातानुकूलनाच्या पत्र्याच्या नळीशेजारी असेल तर आधी तो हलवा.

मोठ्या सभागृहाला वेगळा विचार लागतो. माणसांची शरीरं लहरी शोषतात, त्यामुळे रिकाम्या सभागृहातली मोजणी भरल्यावर टिकत नाही. उंच छतावरून चहूकडे पसरणाऱ्या अँटेना लावल्या तर सगळे एपी एकमेकांना पाहतात. तिथे खाली तोंड केलेल्या, अरुंद कोनाच्या अँटेना लावा, २० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवा, २.४ चे एक-दोनच रेडिओ चालू ठेवा, आणि एका रेडिओवर एकाच वेळी काम करणारी ४०-५० उपकरणं धरून एपींची संख्या काढा.

## ९. परके राउटर आणि वायफाय नसलेला गोंगाट

वसतिगृहात विद्यार्थी स्वतःचे राउटर लावतात ते बहुधा खोलीत सिग्नल पोहोचत नाही म्हणूनच. फक्त बंदीची सूचना लावली तर राउटर कपाटात जातात आणि शोधणं आणखी कठीण होतं. आधी त्या खोल्यांत मोजा, भोक बुजवा, आणि मग राउटर काढायला सांगा. कंट्रोलरमध्ये परक्या एपींना जबरदस्तीने तोडण्याची सोय असते. ती वापरू नका. काही देशांत ते बेकायदेशीर आहे, आणि शेजारच्या इमारतीतल्या कोणाचं तरी नेटवर्क चुकून पाडण्याचा धोका सगळीकडेच आहे.

राउटरइतकेच त्रासदायक पण सहज सुटणारे म्हणजे प्रिंटर, प्रोजेक्टर आणि स्मार्ट बोर्ड. यांतले बरेच स्वतःचं थेट जोडणीचं नेटवर्क दिवसभर प्रसारित करत असतात, कोणी वापरत नसलं तरी. स्कॅनरमध्ये ‘डायरेक्ट’ने सुरू होणारी नावं दिसली की त्या यंत्राच्या मेनूत जाऊन ही सोय बंद करा.

मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास, विजेच्या ठोक्यासोबत चालू-बंद होत गोंगाट करतो. रोज जेवणाच्या वेळीच आणि उपाहारगृहाच्या परिसरातच तक्रार येत असेल तर आधी तिकडे पाहा. तिथल्या लोकांना ५ वर न्या आणि एपी ओव्हनपासून दूर हलवा. यूएसबी ३ च्या हार्ड डिस्क आणि हबही २.४ मध्ये गोंगाट सोडतात. एकाच टेबलावरचा लॅपटॉप रखडतो आणि बिनतारी माउस अडखळतो, हे त्याचं ठरलेलं लक्षण. हब लांब ठेवला किंवा माउसचा रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शन वायरवर घेतला की भागतं.

झिगबीचे संवेदक किंवा दिवे असतील तर त्यांना १५, २०, २५ किंवा २६ हे झिगबी चॅनेल द्या. ते वायफायच्या १, ६ आणि ११ च्या मधल्या फटींत किंवा ११ च्या पलीकडे बसतात. मात्र झिगबीचे आणि वायफायचे चॅनेल क्रमांक वेगवेगळे आहेत. झिगबीचा ११ म्हणजे वायफायचा ११ नव्हे, तो वायफायच्या १ च्या हद्दीत येतो.

प्रयोगशाळांशी भांडू नका, त्यांचं कामच रेडिओचं असतं. कोणत्या खोलीत, कोणत्या पट्ट्यात, कोणत्या वेळी प्रयोग चालतो याची एक सामाईक नोंदवही ठेवा आणि त्या मजल्यावर एक चॅनेल त्यांच्यासाठी मोकळा सोडा.

## १०. ऑटो चॅनेल: लगाम घालून

कंट्रोलरचं स्वयंचलित नियोजन पूर्ण बंद करण्याची गरज नाही. पन्नासहून जास्त एपी हाताने सांभाळणं टिकत नाही. पण ते मोकाट सोडलं तर ऐन परीक्षेच्या वेळी चॅनेल बदलतं आणि चालू कॉल तुटतात. लगाम असे घाला: चॅनेलची यादी तुम्ही ठरवा, रुंदी तुम्ही बांधा, पॉवरला कमाल आणि किमान अशा दोन्ही मर्यादा द्या, आणि बदलाची वेळ पहाटेची ठेवा. किमान मर्यादा विसरली तर एकमेकांना जोरात ऐकणारे एपी पॉवर इतकी उतरवतात की खोल्यांत सिग्नलच पोहोचत नाही. कॉरिडॉरमधल्या एपींबाबत हे नेहमी घडतं. सभागृह आणि परीक्षा केंद्र हाताने ठरवून कुलूपबंद करा.

## ११. बदल लावताना आणि लावल्यावर

एका वेळी एक इमारत, आणि त्या इमारतीत एका वेळी एकच प्रकारचा बदल. पहिल्या आठवड्यात नावं आणि वेग, दुसऱ्यात रुंदी आणि चॅनेल, तिसऱ्यात पॉवर. प्रत्येक टप्प्यानंतर त्याच वारी, त्याच वेळी, त्याच खुणांवर मोजा. सोमवारची दुपार शनिवारच्या दुपारशी ताडून पाहिली तर काहीही सिद्ध करता येतं.

मदतकक्षाला आधी कळवून ठेवा आणि पहिले दोन दिवस जुन्या सेटिंगची प्रत हाताशी ठेवा. जुने लॅपटॉप जोडले जाईनात अशी तक्रार आली तर आधी वायफाय कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करून पाहा, मग तो लॅपटॉप रडारच्या चॅनेलवर अडकतोय का ते तपासा, आणि शेवटी बदललेल्या वेगांकडे या.

भिंत पाडली, नवी कपाटं आली, शेजारी नवी इमारत उभी राहिली की तेवढा मजला पुन्हा मोजा. एरवी प्रत्येक सत्र सुरू झाल्यावर, सगळे वसतिगृहात परतल्यानंतरच्या आठवड्यात एक फेरी पुरते. तेव्हा काढलेल्या नव्या परक्या नेटवर्कांच्या यादीत खोली क्रमांकाचा रकाना ठेवा, पुढच्या फेरीला तोच सगळ्यात आधी उघडाल.